टांकसाळीचं दार आणि लेडव्हिलची चांदी

रविवारचा चहा हातात असेल तर तो घेऊनच बसा, आजची गोष्ट थोडी लांबची आहे. म्हणजे सुरुवात आपल्या जवळच होते, डेन्व्हरपासून दोन तासांवर. पण ती पोचते थेट मुंबईच्या कोटात.

गेल्या जुलैत माझे सासरे भारतातून आले होते. अप्पा बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कुठेही न्या, ते हिशोब मांडतात. धबधबा दाखवला तर पार्किंगचे किती पडले ते आधी. तर आम्ही त्यांना लेडव्हिलला नेलं. आय-७० ने वर चढायचं, मोठा बोगदा ओलांडायचा, कॉपर माउंटनला डावीकडे वळून फ्रीमॉन्ट खिंडीतून पलीकडे उतरायचं. गाव समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांच्याही वर. एक जिना चढला तरी धाप लागते. हॅरिसन ॲव्हेन्यूवर विटांच्या जुन्या इमारती, त्यांतलं टेबर ऑपेरा हाउस, आणि गावाबाहेर टेकाडावर मॅचलेस नावाची चांदीची खाण. खाणीच्या तोंडाशी एक फळकुटांची खोली आहे. त्या खोलीत एके काळी कोलोरॅडोतल्या सर्वांत श्रीमंत माणसाची विधवा राहत होती आणि १९३५ च्या मार्चमध्ये ती तिथेच थंडीत गोठून मेलेली सापडली.

माहिती सांगणाऱ्या मुलीने ही कथा फार छान रंगवून सांगितली. सगळे हळहळले. अप्पा मात्र म्हणाले, "सूनबाई, तिला विचार, ही एवढी चांदी घेत कोण होतं?"

मी विचारलं. ती म्हणाली, अमेरिकेचं सरकार. अप्पांना ते पटलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "सरकार घेत असेल थोडीफार. पण चांदीचं खरं गिऱ्हाईक जगात एकच होतं. आपण."

घरी आल्यावर मी वाचत बसले, आणि अप्पांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. आजची गोष्ट त्याचीच.

आधी हे गाव झालं कसं ते सांगते. ही सगळी भूमी मुळात यूट लोकांची. त्यांच्याशी करार झाले, मोडले, पुन्हा झाले, आणि १८८१ पर्यंत कोलोरॅडोतल्या बहुतेक यूट लोकांना हुसकावून बाहेर काढलं गेलं. खाणगावांच्या इतिहासात हे वाक्य नेहमी घाईने येऊन जातं. मीही घाईनेच सांगते आहे याची मला जाणीव आहे, पण ते वगळून पुढची गोष्ट सांगता येत नाही.

१८६० मध्ये इथल्या कॅलिफोर्निया गल्च नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. काही महिन्यांत हजारो माणसं तंबू ठोकून बसली. ओढ्याची वाळू लाकडी पन्हळीत धुवायची, जड सोनं तळाशी बसतं, हलकी वाळू वाहून जाते, अशी पद्धत. चार-पाच वर्षांत सोनं संपत आलं, माणसं पांगली. पण जे धुवत होते त्यांची एक तक्रार कायम असायची: पन्हळीत एक जड काळी वाळू अडकते, काढता काढता जीव जातो. सगळे तिला शिव्या देत. जवळपास पंधरा वर्षं शिव्या दिल्या. मग स्टीव्हन्स आणि वुड अशा दोघांनी ती वाळू तपासून घेतली. ते शिशाचं खनिज निघालं, आणि त्यात चांदी होती. भरपूर.

गाव उभं राहिलं १८७७-७८ मध्ये. शिशावरून नाव पडलं लेडव्हिल. १८८० च्या खानेसुमारीत तिथे १४,८२० माणसं मोजली गेली. तीन वर्षांपूर्वी तिथे झाडं होती! राज्यात डेन्व्हरनंतर दुसऱ्या क्रमांकाचं गाव. त्याच उन्हाळ्यात रेल्वे आली. धातू वितळवणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस धुरत होत्या, आजूबाजूचे डोंगर लाकडासाठी बोडके झाले होते.

अशा गावात पैसा कुणाला मिळतो, हे बघण्यासारखं असतं. डेव्हिड मे नावाचा एक तरुण खाणकामगारांना कपडे विकायचं दुकान काढून बसला. त्याच्या दुकानाची पुढे मोठी साखळी झाली आणि आपल्या काळात, २००५ मध्ये, ती मेसीजवाल्या कंपनीत विलीन झाली. मायर गुगेनहाइमने दोन खाणींत भाग घेतले, त्या घराण्याच्या खाणींच्या पैशाची पाळंमुळं इथे आहेत. न्यूयॉर्कच्या त्या गोल गोल संग्रहालयात पाहुण्यांना नेता ना, ते नाव हेच. म्हणजे खाणीतला पैसा खाणीपाशी थांबला नाही. कुदळ मारणाऱ्याकडे तर अजिबातच नाही. गावच्या एव्हरग्रीन स्मशानभूमीत एका कोपऱ्यात आयर्लंडमधून आलेल्या हजाराहून अधिक लोकांच्या बेनाम कबरी आहेत, त्यांतले कितीतरी विशीतले, आणि कितीतरी लहान मुलं. अलीकडे कुठे त्यांची नावं शोधून तिथे स्मारक उभारलं गेलं.

आता टेबरची कथा. ही नाही सांगितली तर लेडव्हिलला गेलेले श्रोते मला फोन करतील.

होरेस टेबर सोन्याच्या लाटेत इथे आला होता, बायको ऑगस्टा आणि लहान मुलगा बरोबर. सोनं फारसं लागलं नाही, म्हणून दुकान टाकलं. खरं तर संसार चालवला ऑगस्टानेच. ती खानावळ चालवायची, पाय भाजून विकायची, कामगारांची सोन्याची भुकटी तोलून ठेवायची. अठरा वर्षं असं गेलं. लेडव्हिल उभं राहिल्यावर टेबर तिथला मेयर झाला, पोस्टमास्तरही झाला. १८७८ मध्ये दोन जर्मन माणसं दुकानात आली, खनिज शोधायला निघालेली, खिशात दमडी नाही. त्या काळची रीत अशी होती की दुकानदाराने शिधा आणि हत्यारं द्यायची, काही सापडलं तर त्यात त्याचा वाटा. टेबरने पहिल्या खेपेला दिलेलं सामान सतराएक डॉलरचं होतं असं सांगतात. वाटा एक तृतीयांश. त्या दोघांना लागली लिटिल पिट्सबर्ग खाण. वर्षभरात टेबरने आपला हिस्सा दहा लाख डॉलरला विकला, आणि मग लाखाच्या वर मोजून मॅचलेस विकत घेतली.

पुढचं एखाद्या मराठी नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखं आहे. लेडव्हिलला ऑपेरा हाउस, डेन्व्हरला त्याहून मोठं. राज्याचं उपराज्यपालपद. एका तरुण, देखण्या बाईच्या नादाने ऑगस्टाशी घटस्फोट. तिचं नाव एलिझाबेथ, पण सगळे म्हणत बेबी डो. १८८३ मध्ये टेबर सुमारे महिनाभरासाठी सिनेटर झाला आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये त्यांचं लग्न लागलं, खुद्द राष्ट्राध्यक्ष आर्थर हजर. डेन्व्हरच्या उच्चभ्रू बायका मात्र बेबी डोच्या घरी कधी पाऊल टाकत नसत.

मधेच एक गंमत सांगते. १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड लेडव्हिलच्या ऑपेरा हाउसात व्याख्यान द्यायला आला होता. खाणकामगारांपुढे तो बोलला चेलिनी नावाच्या इटालियन चांदीकारागिराबद्दल. वाइल्डने पुढे सांगितलं की श्रोत्यांना चेलिनी इतका आवडला की त्याला बरोबर का नाही आणलं म्हणून त्यांनी विचारलं. तो वारला असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, कुणी गोळी घातली? वाइल्डचं बोलणं आहे, मीठमसाला धरूनच घ्या.

टेबरने चांदी विकून आलेला सगळा पैसा पुन्हा चांदीतच घातला. नवीन खाणी, जमिनी, इमारती, आणि सगळ्यावर कर्ज. तारण काय, तर चांदीचा भाव. अप्पा म्हणतात तसं, एकाच टोपलीत अंडी आणि टोपली गहाण.

आणि भाव घसरत होता. १८७२ च्या आसपास एका औंसाला एक डॉलर बत्तीस सेंट मिळत. जर्मनीने चांदीचं नाणं सोडून सोन्याचं धरलं, युरोपातले इतर देश मागोमाग गेले, १८७३ मध्ये अमेरिकेच्या कायद्यातूनही चांदीचा डॉलर गळला. दुसरीकडे नेव्हाडा, कोलोरॅडोतून चांदीचे ढीग निघत होते. घेणारे कमी, देणारे जास्त. अमेरिकेचं सरकार खाणवाल्यांच्या दबावाखाली दर महिन्याला चांदी विकत घेऊ लागलं, १८९० च्या कायद्यानंतर महिन्याला पंचेचाळीस लाख औंस. तरीही १८९२ मध्ये भाव सत्त्याऐंशी सेंटच्या आसपास होता.

मग तो त्याहून खाली का गेला नाही? इथे अप्पांचं गिऱ्हाईक येतं.

आपला रुपया चांदीचा होता. एका तोळ्याचा, बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध. मुंबईला आणि कलकत्त्याला सरकारी टांकसाळी होत्या. मुंबईची तुम्ही पाहिली असेल, कोटात, रिझर्व्ह बँकेजवळ, खांबांची ती जुनी इमारत. त्या टांकसाळीचा नियम असा होता की कोणीही चांदी घेऊन या, दोनेक टक्के खर्च कापून तिचे रुपये पाडून मिळतील. सावकार असो, परदेशी पेढी असो, नाहीतर आजीचे तोडे घेऊन आलेला सराफ असो. चांदी म्हणजे रुपया आणि रुपया म्हणजे चांदी. जगात कुठेही चांदी उरली की ती बोटीत भरून मुंबईला पाठवायची, रुपये पाडून घ्यायचे, त्यातून कापूस, गहू, ताग, जे हवं ते विकत घ्यायचं. बाकीचे देश एकेक करून दारं लावून घेत होते तेव्हा हे दार सताड उघडं होतं. जगाच्या चांदीचा फार मोठा वाटा हिंदुस्थानात जिरत होता, आणि तिथून तो गावागावांत वाळे, तोडे, करगोटे, जोडवी होऊन बसत होता. शेतकऱ्याची बँक ती. पीक आलं की तोडे करायचे, दुष्काळ पडला की मोडायचे.

या व्यवस्थेत अडचण एकच होती, आणि ती शेतकऱ्याची नव्हती. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पाठवावी लागे: कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी, फौजेचा खर्च, निवृत्त साहेबांची पेन्शनं. ती द्यायची सोन्यात. करवसुली मात्र रुपयांत. चांदी घसरली की रुपया घसरणार. १८७० च्या सुरुवातीला एक रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगावर आला. म्हणजे तेवढेच पौंड पाठवायला कितीतरी जास्त रुपये. इथे नोकरी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचीही ओरड होती, कारण पगार रुपयांत आणि मुलांच्या शाळेची फी पौंडांत. डॉलर वधारला की आपल्यापैकी ज्यांचं घराचं कर्ज पुण्यात आहे ते खुश असतात; त्या साहेबांचं बरोबर उलटं.

लंडनला लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १८९३ च्या मेमध्ये अहवाल आला. आणि सोमवार, २६ जून १८९३ या दिवशी सिमल्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलने कायदा करून टाकला: मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद. एका बैठकीत.

तार तोपर्यंत सगळीकडे पोचलेली होती. बातमी लगेच लंडन आणि न्यूयॉर्कला गेली. चार दिवसांत चांदीचा भाव त्र्याऐंशी सेंटवरून बासष्टवर आला. जून संपायच्या आत कोलोरॅडोच्या खाणमालकांनी आणि भट्टीवाल्यांनी काम थांबवायचं ठरवलं, कारण दगड फोडून चांदी काढण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त झाला होता.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळा दोष मुंबईच्या माथी मारते आहे. १८९३ चं आर्थिक संकट अमेरिकेत आधीच सुरू झालेलं होतं. रेल्वे कंपन्या बुडत होत्या, मेमध्ये शेअर बाजार कोसळला होता. चांदीचा आजार वीस वर्षांचा जुना होता. पण बाकी जगाने दारं लावल्यावर ज्या एका दाराच्या भरवशावर हे डोंगर पोखरले जात होते, ते त्या सोमवारी बंद झालं. नोव्हेंबरला अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी खरेदीचा कायदाही रद्द केला, आणि त्यासाठी दिल्या गेलेल्या कारणांत हिंदुस्थानच्या टांकसाळींचं उदाहरण होतंच.

कोलोरॅडोत काय झालं? जुलैच्या मध्यावर डेन्व्हरमध्ये तीन दिवसांत बारा बँका बंद पडल्या. राज्याच्या कामगार खात्याच्या मोजणीनुसार सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चारशेहून अधिक खाणी बंद आणि सुमारे पंचेचाळीस हजार माणसं बेकार. डोंगरातून बेकारांचे लोंढे डेन्व्हरला उतरू लागले. नदीकाठच्या बागेत त्यांच्यासाठी तंबू ठोकले. रेल्वे कंपन्यांनी स्वस्तात तिकिटं दिली, एकदाचे इथून जा म्हणून.

आणि गंमत बघा, गंमत तरी कसं म्हणू, चांदी संपलेली नव्हती. ॲस्पेन तोपर्यंत लेडव्हिललाही मागे टाकून पुढे गेलं होतं. तिथल्या स्मगलर खाणीत १८९४ मध्ये, म्हणजे भाव कोसळल्यानंतरच्या वर्षी, जवळजवळ शुद्ध चांदीचा एक ढेकूळ निघाला. वजन अठराशे पौंडांच्या वर. आख्खा बाहेर काढता येईना म्हणून फोडावा लागला. चार वर्षांपूर्वी असं काही सापडलं असतं तर गावाने आठवडाभर दिवाळी केली असती. आता त्याचा गावाला काय उपयोग? १८९० मध्ये पाच हजारांवर वस्ती असलेलं ॲस्पेन १९३० च्या खानेसुमारीत ७०५ माणसांवर आलं. आज तिथे एका रात्रीच्या हॉटेलचं बिल बघून आपण परत फिरतो, ती श्रीमंती दुसऱ्या महायुद्धानंतरची, बर्फावर घसरायला येणाऱ्यांची.

खाणगाव ओस पडलं की आपण सहज म्हणतो, खनिज संपलं असेल. काही ठिकाणी तसं झालंही. ॲस्पेनपासून जवळच ॲशक्रॉफ्ट आहे, उन्हाळ्यात तिथे जरूर जा, गवतात उभी असलेली लाकडी घरं बघायला. ते १८९३ च्या खूप आधीच रिकामं होऊ लागलं होतं, कारण तिथली चांदी वरवरची निघाली आणि रेल्वे ॲस्पेनला गेली. पण लेडव्हिल आणि ॲस्पेनच्या पायाखाली धातू होता. नव्हतं ते गिऱ्हाईक. डोंगरातल्या माणसाला ते गिऱ्हाईक कधी दिसलंच नव्हतं. सोलापूर-नगरच्या एखाद्या बाईच्या पायात आपली चांदी आहे, हे त्याला कोण सांगणार?

त्या बाईचं काय झालं, हे इथल्या कुठल्याच संग्रहालयात लिहिलेलं नसतं, म्हणून ते मी सांगते. टांकसाळ बंद झाल्यावर चांदी आणि रुपया वेगळे झाले. सरकारला रुपया महाग ठेवायचा होता, म्हणून नवीन रुपये पडेनात. चांदी मात्र स्वस्त होत गेली. पूर्वी शंभर तोळ्यांचे दागिने मोडले की जवळजवळ शंभर रुपये हातात येत. आता तेवढ्याच चांदीचे रुपये कितीतरी कमी. शेतसारा मात्र रुपयांतच, तेवढाच. तीन वर्षांत, १८९६-९७ ला मोठा दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० ला त्याहून भयंकर, ज्याला आपल्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणतात. ज्या वेळेसाठी पिढ्यान्‌पिढ्या दागिने जपले होते ती वेळ आली, तेव्हा त्यांचं मोल आधीच उतरलेलं होतं. मुंबईच्या गिरण्याही रडत होत्या, कारण त्यांचं सूत चीनला जाई, चीनमध्ये चांदीचं नाणं, आणि रुपया महाग झाल्यावर आपलं सूत तिथे महाग.

याच साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, शिकागोत विवेकानंद बोलले. १८९३ म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. टांकसाळीचं कुणाला आठवत नाही. एका माणसाने मात्र तिचा फार खोलात जाऊन अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून पुढे लंडनला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. चांदीचा रुपया कसा घसरला, १८९३ ला काय झालं आणि त्यानंतर सरकारने काय घोळ घातला, याची त्यात कसून चिकित्सा आहे. टांकसाळ लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद असायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर सरकार हवे तेव्हा रुपये पाडत राहणार. पुस्तक अवघड आहे, मी दोनदा सुरू करून ठेवून दिलं. अप्पांनी परत जाताना माझी प्रत नेली.

टेबरचं राहिलंच. १८९३ मध्ये सगळं गेलं. ऑपेरा हाउस, घर, जमिनी. साठी ओलांडलेला माणूस पुन्हा मजुरीच्या कामाला लागला. शेवटी ओळखीपाळखीने १८९८ मध्ये डेन्व्हरचं पोस्टमास्तरपद मिळालं. सुरुवातही पोस्टात, शेवटही पोस्टात. १८९९ मध्ये तो गेला. मॅचलेस सोडू नकोस, असं त्याने मरताना बेबी डोला सांगितलं म्हणे. ही बहुधा दंतकथा आहे, पण ती तीसेक वर्षं त्या खोलीत राहिली हे खरं. चांदीचा भाव परत येईल म्हणून वाट बघत. ऑगस्टाने घटस्फोटात मिळालेला पैसा नीट सांभाळला, वाढवला आणि १८९५ मध्ये कॅलिफोर्नियात श्रीमंत म्हणूनच वारली. गावात तिचा पुतळा असावा असं माझं मत आहे.

लेडव्हिल मेलं नाही, रखडत जगलं. थोडं सोनं लागलं, जस्त लागलं. १८९६ च्या जानेवारीत पर्यटक यावेत म्हणून गावाने बर्फाचा प्रचंड महाल बांधला, बुरुजांसकट. त्या वर्षी उष्मा लवकर आला आणि मार्चअखेर महाल वितळायला लागला. त्याच उन्हाळ्यात कामगारांनी कापलेली मजुरी परत मागितली, दिवसाला तीन डॉलर. संप चिघळला, खाण जाळली, माणसं मेली, राज्याची फौज आली आणि संप फसला. पुढे फ्रीमॉन्ट खिंडीत क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण निघाली, तिने दोन पिढ्या पोसल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीही बंद पडली, हजारो लोक घरी बसले. तेव्हा एका खाणकामगाराने शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली, निदान लोक येऊन हॉटेलात राहतील म्हणून. ती शर्यत अजून चालते. खाण २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, जाताना डावीकडे-उजवीकडे दिसतेच. आणि जुन्या खाणींतून झिरपणारं विषारी पाणी आर्कान्सॉ नदीत जाऊ नये म्हणून १९८३ पासून सरकारला स्वच्छतेचं काम हाती घ्यावं लागलं, ते कित्येक दशकं चाललं. आज गावात अडीच हजारांहून थोडी जास्त वस्ती आहे.

जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, मॅचलेसची खोली तेव्हाच उघडी असते. पाणी भरपूर प्या, आजीआजोबा बरोबर असतील तर पहिल्या दिवशी फार चालवू नका, दुपारनंतर वीज-पाऊस येतो म्हणून सकाळीच टेकाडावर जाऊन या. स्मशानभूमी गावाला लागूनच आहे, आयरिश कामगारांचं स्मारक चुकवू नका.

आणि एक विनंती. तुमच्या घरात पणजीच्या, खापरपणजीच्या चांदीच्या दागिन्यांची काही गोष्ट असेल, कधी केले, कधी मोडले, कुणाकडे, किती वजनाचे, तर आम्हाला लिहून किंवा आवाजात पाठवा. भारतातल्या मोठ्या माणसांना फोन करून विचारा. अप्पांनी आपल्या थोरल्या बहिणीला विचारलंय; आत्याबाई म्हणाल्या, तोडे होते एवढं ऐकलंय, पुढचं कुणी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात एक आख्खा भाग तुमच्या गोष्टींचा करू. तोपर्यंत नमस्कार.